चौकटीखालचा माणूस

लहानपणी छोट्या पडद्यावर भेटलेली मंडळी मोठेपणीही मनातून जात नाहीत. दूरदर्शनच्या मोजक्या कार्यक्रमांवर वाढलेल्या मराठी पिढीला रामदास पाध्ये यांच्याशी हुज्जत घालणारे अर्धवटराव आजही आठवतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात वाढलेल्या मुलांच्या मनात तेच स्थान एका हिरव्या बेडकाचे आहे. त्याचे नाव कर्मिट. फरक एवढाच, की अर्धवटरावांच्या शेजारी पाध्ये दिसत. कर्मिटच्या शेजारी कोणीच दिसत नसे. त्याला हलविणारा आणि आवाज देणारा माणूस पडद्याच्या चौकटीच्या जरासा खाली, हात डोक्याच्या वर ताणून उभा असे.

उंचापुऱ्या, दाढीधारी आणि अतिशय मितभाषी अशा या माणसाचे नाव जिम हेन्सन. उण्यापुऱ्या ५३ वर्षांच्या आयुष्यातील ३६ वर्षे त्यांनी दूरचित्रवाणीसाठी बाहुल्या घडविण्यात आणि नाचविण्यात घालविली. १६ मे १९९० रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे नावही ठाऊक नसलेल्या असंख्य मुलांच्या आईवडिलांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. माणूस तर गेला. मग बेडकाचे काय झाले, हे मुलांना कसे सांगायचे? या प्रश्नाचे उत्तर हेन्सन यांनी आयुष्यभर केलेल्या कामातच दडलेले होते.

जेम्स मॉरी हेन्सन यांचा जन्म २४ सप्टेंबर १९३६ रोजी मिसिसिपी राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. वडील पॉल हेन्सन अमेरिकेच्या कृषी खात्यात नोकरीला होते. जिमचे बालपण जवळच्या लेलंड या छोट्या गावात, डीअर क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी गेले. या ओढ्याच्या पाण्यात बेडूक भरपूर होते. आईची आई चित्रे काढी, शिवणकाम करी आणि नातवाच्या हातात सुई, रंग, कागद असे काही ना काही देत राही. पुढे ज्या हातांनी शेकडो बाहुल्या घडविल्या, त्या हातांची पहिली शाळा ही अशी घरातच भरली.

त्या काळात घराघरांत रेडिओ होता. एडगर बर्गन हे शब्दभ्रमकार आपल्या चार्ली मॅकार्थी नावाच्या बाहुल्यासह रेडिओवर कार्यक्रम करीत. वास्तविक शब्दभ्रमाची सारी गंमत डोळ्यांनी पाहण्यात असते. बोलणाऱ्याचे ओठ हलत नाहीत, हे रेडिओवर कोणाला कळणार? पण छोट्या जिमला तो प्रश्न कधी पडलाच नाही. त्याच्या लेखी चार्ली हा खराखुरा मुलगा होता. पुढे वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब राजधानी वॉशिंग्टनजवळ मेरिलंड राज्यात आले. १९५० मध्ये जिमने घरच्यांच्या मागे लागून टीव्ही संच घ्यायला लावला, आणि या नव्या पेटीने त्याला झपाटून टाकले.

बाहुल्यांचे वेड त्याला जन्मजात होते, असे मात्र नाही. त्याला टीव्हीत काम करायचे होते, एवढेच. १९५४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका केंद्राला मुलांच्या कार्यक्रमासाठी बाहुल्या नाचविणारी तरुण मुले हवी होती. हे कळताच शाळकरी जिमने वाचनालयातून पुस्तक आणले, मित्राच्या मदतीने बाहुल्या तयार केल्या आणि ते काम मिळविले. तो कार्यक्रम लवकरच बंद पडला, पण हात मात्र बाहुलीतच राहिला.

मेरिलंड विद्यापीठात त्यांनी पुढे गृहविज्ञान शाखेतून पदवी घेतली. मुलग्याने गृहविज्ञान घेणे त्या काळी नवलाचे होते. परंतु कापड, रंग आणि बाहुलीकला यांचे शिक्षण त्याच शाखेत मिळत होते. बाहुलीकलेच्या वर्गात त्यांची जेन नेबेल यांच्याशी ओळख झाली. या दोघांनी मिळून ९ मे १९५५ पासून वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी केंद्रावर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. तो १९६१ पर्यंत चालला. हेन्सन त्या वेळी महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षात होते.

याच कार्यक्रमासाठी त्यांनी आईने टाकून दिलेल्या हिरवट कोटाचे कापड कापले, पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्ध डोळे म्हणून चिकटविले आणि एक प्राणी तयार केला. तोच कर्मिट. सुरुवातीला तो बेडूक नव्हताच. सरड्यासारखा दिसणारा, पण कोणत्याही जातीत न बसणारा असा तो काहीतरी होता. त्याचे बेडूकपण १९६० च्या दशकाच्या अखेरीस पक्के झाले.

हेन्सन यांनी नेमके काय वेगळे केले, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या घ्या किंवा युरोपातील हातमोजा बाहुल्या घ्या; बाहुलीच्या खेळाला एक छोटा रंगमंच लागतो, आणि बाहुलीकार त्या रंगमंचाच्या मागे दडतो. टीव्हीवर बाहुल्या आल्या त्याही हा रंगमंच सोबत घेऊनच. हेन्सन यांच्या ध्यानात आले, की टीव्हीचा पडदा स्वतःच एक चौकट आहे. तिच्या आत दुसरी चौकट कशाला? त्यांनी रंगमंच काढून टाकला. चौकटीच्या आत जे जे दिसते ते सारे बाहुलीचे जग, आणि माणूस त्या चौकटीच्या बाहेर. त्यामुळे कॅमेरा बाहुलीच्या अगदी तोंडाजवळ नेता आला, आणि घरात बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर बाहुली थेट येऊन उभी राहिली.

पण तोंडाजवळ कॅमेरा आला, की लाकडी चेहऱ्याचे निर्जीवपण उघडे पडते. म्हणून हेन्सन यांनी लाकूड टाकून फोम आणि मऊ कापड घेतले. आतल्या हाताची मूठ आवळली, की कर्मिटचा चेहरा वैतागलेला दिसे. बोटे सैल सोडली, की तो विचारात पडे. प्रत्येक शब्दाबरोबर तोंडाची उघडझाप जुळविण्याचा त्यांचा कटाक्ष असे. आपण करीत असलेली हालचाल पडद्यावर कशी दिसते, हे पाहण्यासाठी पायाशी छोटे टीव्ही संच ठेवलेले असत. सारे कलावंत वर हात करून खाली पाहत काम करीत. कुकी मॉन्स्टरसारख्या बाहुलीत तर एकाच वेळी दोन माणसे लागत. एक डोके आणि डावा हात सांभाळी, दुसरा नुसता उजवा हात. तासन् तास हात वर धरून काम करण्याचे हे कष्ट प्रेक्षकाला कधीच दिसत नसत. या बाहुल्यांना हेन्सन यांनी ‘मपेट’ हे नाव दिले होते.

तरीही हेच आपले आयुष्यभराचे काम, याची खात्री त्यांना पटलेली नव्हती. १९५६ मध्ये थोरला भाऊ मोटार अपघातात गेला आणि घर हादरले. १९५८ मध्ये हेन्सन युरोपात गेले ते बाहुल्या सोडून चित्रकलेकडे वळावे, हा विचार मनात घेऊन. मात्र तेथील बाहुलीकार आपल्या कलेकडे गांभीर्याने पाहतात, प्रेक्षकही त्यांना कलावंत म्हणून मान देतात, हे त्यांनी पाहिले. मुलांना रमविण्याचा किरकोळ धंदा म्हणून आपण ज्याच्याकडे पाहत होतो ती एक स्वतंत्र कला आहे, ही जाणीव घेऊन ते परतले. १९५९ मध्ये जेन आणि त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली.

१९६३ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. पोटासाठी जाहिराती होत्याच. विल्किन्स कॉफीसाठी त्यांनी केलेल्या काही सेकंदांच्या विनोदी जाहिराती गाजल्या होत्या. याच सुमारास फ्रँक ऑझ हा जेमतेम १९ वर्षांचा तरुण त्यांना येऊन मिळाला आणि अखेरपर्यंत त्यांचा जोडीदार राहिला. रोल्फ नावाचा पियानो वाजविणारा कुत्रा ‘द जिमी डीन शो’मधून देशभर पोचला. १९६५ मध्ये ‘टाइम पीस’ हा बाहुल्याविरहित प्रायोगिक लघुपट काढून हेन्सन यांनी ऑस्करचे नामांकनही मिळविले. मोठ्यांसाठी काहीतरी नवे करणारा कलावंत म्हणून नाव व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. नाव झाले ते मात्र मुलांमुळे.

श्रीमंत घरांतील मुले शाळेत येण्यापूर्वीच अक्षरे-अंक शिकलेली असतात. गरिबांची मुले पहिल्याच दिवशी मागे पडलेली असतात. टीव्ही तर गरिबांच्याही घरी आहे, मग त्याचाच उपयोग करून ही दरी भरता येईल का, असा विचार जोन गँझ कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. सरकार आणि काही संस्थांनी मिळून सुमारे ८० लाख डॉलरचा निधी उभा केला आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली.

या मालिकेच्या आखणीत मानसशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. खरी माणसे आणि काल्पनिक बाहुल्या यांना एकाच दृश्यात आणू नये, मुलांचा गोंधळ होईल, असे मत सुरुवातीला पडले होते. त्यानुसार रस्त्यावरची दृश्ये फक्त माणसांची ठेवण्यात आली. १९६९ च्या उन्हाळ्यात काही भाग मुलांना दाखवून पाहिले, तेव्हा बाहुल्या पडद्यावर असेपर्यंत मुले एकटक पाहत आणि माणसांचा रस्ता आला की त्यांचे लक्ष उडे, असे आढळले. मग तज्ज्ञांचे मत बाजूला ठेवून बाहुल्यांना त्या रस्त्यावर राहायला आणले गेले. आठ फुटांहून उंच पिवळा बिग बर्ड आणि कचऱ्याच्या पिंपात राहणारा चिडका ऑस्कर यांचा जन्म यातून झाला. ही दोन्ही पात्रे कॅरोल स्पिनी साकारीत. हेन्सन स्वतः खोडकर अर्नी होत आणि फ्रँक ऑझ त्याचा वैतागलेला मित्र बर्ट. कर्मिट हातात ध्वनिक्षेपक घेऊन वार्ताहर झाला. या साऱ्यांकडे मुले शिक्षक म्हणून पाहत नसत. त्यांच्यासारखीच चुकणारी, रुसणारी, पुन्हा विचारणारी अशी ती सवंगडी मंडळी होती.

यात एक कटू योगायोग आहे. या मालिकेतील रस्त्यावर कृष्णवर्णीय आणि गोरे शेजारी म्हणून एकत्र नांदत. १९७० मध्ये एका राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी मंडळाने नेमक्या याच कारणासाठी मालिका दाखविण्यास नकार दिला. ते राज्य होते मिसिसिपी, हेन्सन यांची जन्मभूमी. गदारोळ झाल्यावर काही आठवड्यांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी कर्मिटने हिरवे असण्याच्या दुःखाचे आणि मग त्या रंगाशी झालेल्या समेटाचे गाणे म्हटले. वंशभेदाविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. पण आपल्या रंगाकडे पाहणाऱ्या लक्षावधी मुलांना ते आपलेच वाटले.

हे यश हेन्सन यांना सुखावणारे तसेच अडचणीचेही ठरले. बाहुल्या म्हणजे मुलांचा खेळ, हा शिक्का आता अधिकच गडद झाला. सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा मपेटांचा कार्यक्रम करण्याची त्यांची कल्पना होती. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांनी ती नाकारली. अखेर ब्रिटनमधील लॉर्ड ल्यू ग्रेड यांनी विश्वास दाखविला आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत ‘द मपेट शो’ आकाराला आला. १९७६ ते १९८१ या काळात त्याचे १२० भाग झाले आणि शंभराहून अधिक देशांत ते दाखविले गेले. कोलमडत्या नाट्यगृहात रोज नवा खेळ उभा करणारी एक वेडी मंडळी, आणि त्यांना सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेला व्यवस्थापक कर्मिट, अशी ही कल्पना होती. त्यात तोऱ्यात वावरणारी मिस पिगी होती, कोणी न हसणारे विनोद सांगणारा अस्वल फोझी होता, आणि प्रेक्षागृहातील सज्जात बसून प्रत्येक गोष्टीला नावे ठेवणारे दोन म्हातारे होते. सुरुवातीला पाहुणे कलाकार मिळविणे कठीण जाई. पण जगप्रसिद्ध बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह एका भल्यामोठ्या डुकरिणीबरोबर नाचले, आणि मग मोठमोठ्या कलावंतांची रीघ लागली.

‘द मपेट मूव्ही’ हा चित्रपट १९७९ मध्ये आला. त्याच्या आरंभी कर्मिट दलदलीतल्या एका ओंडक्यावर बसून बँजो वाजवीत गातो. हे साधेसुंदर दृश्य पाहताना कोणाच्या मनातही येत नाही, की त्या ओंडक्याखाली, पाण्यात बुडविलेल्या एका लहानशा धातूच्या टाकीत हेन्सन अंग मुडपून बसलेले होते. वर रबरी नळीतून हात काढलेला, खाली छोटा टीव्ही संच आणि श्वासासाठी सोडलेली हवा, अशा अवस्थेत त्यांनी तासन् तास काम केले. जगातील सर्वांत यशस्वी बाहुलीकार म्हणून नाव झाल्यावरही त्यांची जागा चौकटीच्या खालीच राहिली.

सगळेच बेत मात्र तडीस गेले नाहीत. ‘द डार्क क्रिस्टल’ आणि ‘लॅबिरिन्थ’ या चित्रपटांत त्यांनी बाहुलीकला फार पुढे नेली. त्यातील १९८६ चा ‘लॅबिरिन्थ’ तिकीटबारीवर कोसळला, तेव्हा ते मनाने खचले. पुढच्या पिढीने हाच चित्रपट डोक्यावर घेतला, पण ते पाहायला हेन्सन उरले नाहीत. त्याच वर्षी जेन आणि ते वेगळे राहू लागले. कामाचा व्याप सांभाळणे जड जाऊ लागले होते. व्यवहाराची जबाबदारी कोणी उचलली तर आपण पुन्हा निर्मितीकडे वळू, या विचाराने १९८९ मध्ये त्यांनी कंपनी डिस्नेला विकण्याची बोलणी जाहीर केली.

ती पुरी झालीच नाहीत. १९९० च्या मे महिन्याच्या सुरुवातीला हेन्सन यांचा घसा दुखू लागला, थकवा जाणवू लागला. साधे दुखणे समजून ते कामात राहिले, नातलगांना भेटायला गेले. १५ मेच्या पहाटे श्वास घेणे अशक्य झाले तेव्हा त्यांना न्यूयॉर्कच्या रुग्णालयात नेण्यात आले. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गाने तोवर शरीरातील एकेक अवयव निकामी केला होता. एक दिवस पुरा होण्याच्या आतच सारे संपले.

त्यांनी मुलांसाठी काही वर्षे आधीच पत्रे लिहून ठेवली होती. आपल्या मागे कोणी काळे कपडे घालू नयेत, संगीत असावे, आनंदाने निरोप द्यावा, असे त्यांत सांगितले होते. त्यानुसार २१ मे १९९० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या भव्य चर्चमध्ये हजारो माणसे रंगीत कपड्यांत जमली. कार्यशाळेतील सहकाऱ्यांनी बनविलेली फोमची रंगीबेरंगी फुलपाखरे काड्यांवर लावून सर्वांच्या हाती दिली होती. बिग बर्ड एकटाच चालत पुढे आला आणि त्याने कर्मिटचे ते हिरव्या रंगाचे गाणे म्हटले. पिसांच्या आत स्पिनी होते. आपले दुःख आवरून त्यांना पक्ष्याच्या आवाजात गायचे होते.

मुलांना मृत्यू कसा सांगावा, याचा धडा या मंडळींनी आधीच घालून दिला होता. सेसमी स्ट्रीटवरील दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ मध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणणे किंवा ते गावाला गेले असे सांगणे सोपे होते. तसे न करता १९८३ च्या एका भागात बिग बर्डला, आणि त्याच्याबरोबर पाहणाऱ्या मुलांना, हूपर गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत, हे सरळ सांगण्यात आले. मुलांशी खोटे बोलायचे नाही, हा त्या मालिकेचा बाणा होता.

हेन्सन यांच्याबाबतही तेच झाले. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात मपेट मंडळी एका सोहळ्याची तयारी करीत आहेत, पण हा जिम हेन्सन कोण, हेच त्यांना ठाऊक नाही, अशी कल्पना होती. ज्याच्या हातावर आपण उभे, त्याला त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. शोध घेता घेता त्यांच्या हाती प्रेक्षकांची पत्रे लागतात, आणि तो आता हयात नाही, हे त्यांना कळते. शेवटी कर्मिट येतो. त्याचा आवाज किंचित वेगळा होता. आत आता स्टीव्ह व्हिटमायर यांचा हात होता. बेडकाचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर मुलांना मिळाले. माणूस गेला, हे लपविले गेले नाही आणि बेडूकही मेला नाही.

डिस्नेशी अर्धवट राहिलेला व्यवहार अखेर २००४ मध्ये मपेटांपुरता पुरा झाला. भारतात २००६ मध्ये ‘गली गली सिम सिम’ सुरू झाली आणि शाळेच्या गणवेशातील चमकी आपल्याकडील मुलांना भेटली; तिचे कूळ त्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचेच. कर्मिटची जबाबदारी २०१७ मध्ये मॅट व्होगेल यांच्याकडे आली. आईच्या कोटापासून केलेला मूळ कर्मिट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जतन केला आहे. आत हात नसल्याने तो तेथे केवळ कापड आणि चेंडूचे दोन तुकडे एवढाच उरतो. तरी लहानपणी त्याला पडद्यावर पाहिलेली माणसे आपल्या मुलांना तिथे घेऊन जातात, आणि हा कर्मिट, अशी त्याची ओळख करून देतात.